चीनमध्ये इंग्रजी शिकवायची ऑफर आली आहे, घेऊ का?

जामसंडेकरीण:

नमस्कार. मी देवगडजवळच्या जामसंड्याची. वय २९, एम.ए. इंग्रजी, बी.एड. एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जून ते मार्च मॅडम, आणि एप्रिल-मेमध्ये घरच्या आंब्याच्या पेट्या भरणारी. मानधन वर्ष संपल्यावर एकदम येतं, कधी जूनमध्ये, कधी गणपतीच्या तोंडावर. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली आहे, त्या भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसले आहे. तेवढ्यात हे आलं.

मुंबईतल्या एका एजंटाने चीनमधल्या चांगशा शहरातली ऑफर आणली आहे. हुनान प्रांताची राजधानी आहे म्हणे. ३ ते १२ वर्षांच्या मुलांचं 'ट्रेनिंग सेंटर', पगार महिन्याला १५ हजार युआन, राहायला खोली, करार एका वर्षाचा. युआन बारा रुपयांच्या आसपास धरला तर एक लाख ऐंशी हजार होतात. आकडा बाबांना सांगितला तेव्हा ते कलमांवर फवारणी करत होते. पंप बंद न करताच म्हणाले, "महिन्याचे की वर्षाचे?"

एजंटाची फी दीड लाख. अर्धी आत्ता, अर्धी व्हिसा हातात आल्यावर. व्हिसा बिझनेसचा काढायचा आणि तिकडे पोचल्यावर तो कामाचा करून घ्यायचा, "सगळे असेच जातात". ऑनलाइन मुलाखत झाली, त्यात फारसं काही विचारलंच नाही. एक बालगीत हातवारे करून म्हणायला लावलं आणि खिडकीकडे तोंड करून बसा म्हणाले, चेहरा नीट दिसावा म्हणून. माझी बी.एड. कुणी काढलीसुद्धा नाही.

आईला मी एकटी जाणार याची काळजी, आत्याला माझ्या लग्नाची. त्यांचं मी बघेन. मला फक्त एवढंच हवं आहे की जाऊन आलेल्या कुणीतरी सांगावं, हे खरं असतं का आणि काय काय विचारून घ्यावं. चिनी मालावर बहिष्कार वगैरे कृपया इथे नको. एजंट संक्रांतीपर्यंत उत्तर मागतोय.

मिठमुंबरीचो:

गो बाय, दीड लाख तू तेका देतलस, आणि तो तुका काय देतलो? आमच्या वाडीतलो एक झील असोच आखातात गेल्लो. हॉटेलात कॅप्टनचा काम म्हणान सांगल्यान, थय भांडी घासून परत इलो. पैसे काय परत इले नाय. चीनचा माका कायएक म्हायती नाय, पण व्हिसा बघल्याशिवाय एक रुपयो सोडू नको.

सुझोऊवाला रत्नांग्रीकर:

ताई, मी शांघायजवळच्या सुझोऊमध्ये एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवतो. मूळचा रत्नागिरीचा. जरा लांबण लागेल, पण व्हिसाचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर अडतं.

चीनमध्ये नोकरी करायची तर झेड व्हिसा लागतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी तिथली संस्था तुमच्या नावाने कामाच्या परवान्यासाठी अर्ज करते. तो मंजूर झाला की परवान्याचं सूचनापत्र निघतं. ते पत्र दाखवून मुंबईत झेड व्हिसा मिळतो, आणि तिकडे पोचल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. म्हणजे सूचनापत्र तुम्ही देवगडात असतानाच तयार व्हायला हवं. एजंट सांगतोय तो एम व्हिसा. तो व्यापाऱ्यांचा, माल बघायला आणि सौदे करायला जाणाऱ्यांचा. त्यावर वर्गात उभं राहणं म्हणजे बेकायदा काम. तिथल्या कायद्यात त्याला ५ हजार ते २० हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर धरलं तर शिवाय ५ ते १५ दिवस कोठडी, आणि पुढे देशाबाहेर काढणंही आलं. संस्थेलाही दंड होतो, पण तिचं शटर दुसऱ्या नावाने पुन्हा उघडतं. तुमच्या नावावर मात्र ते बसतं.

आता त्याहून कडू गोष्ट. परदेशी माणसाला भाषा शिकवायची असेल तर ती त्याची मातृभाषा असावी, असा तिथला नियम आहे. इंग्रजीच्या बाबतीत व्यवहारात त्याचा अर्थ अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट. त्यांपैकी एखाद्या देशातली पदवी असली तर काही शहरांत जमून जातं. तुमच्या एम.ए., बी.एड.ची किंमत मला कळते, परवाना देणाऱ्या टेबलाला कळत नाही. माझ्या ओळखीचे इथले भारतीय शिक्षक गणित, फिजिक्स, कॉम्प्युटर यांपैकी काहीतरी शिकवतात. माझ्या परवान्यावरही विषय गणित आहे, म्हणून मी आहे.

आणि ट्रेनिंग सेंटर! जुलै २०२१ मध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर मोठी कुऱ्हाड चालवली. शाळेतल्या विषयांच्या शिकवण्या शनिवार-रविवारी आणि सुट्टीत घ्यायला बंदी आली, नफ्यावर चालवायलाही बंदी आली, आणि त्या विषयांत इंग्रजी होतंच. शाळेत जायच्या आधीच्या मुलांना तर परकीय भाषेचे असे वर्ग घ्यायलाच मनाई आहे. तुमच्या ऑफरमधली मुलं ३ वर्षांपासूनची आहेत. शिवाय मुलंच कमी झाली आहेत. २०२३ मध्ये तिथे जेमतेम ९० लाख मुलं जन्मली, २०१६ च्या साधारण निम्मी. बालवाड्या हजारोंनी बंद होत आहेत. अशा धंद्यात वर्षाचा करार करणारा माणूस सहा महिन्यांनी पगार देईलच, असं मी तरी धरून चालणार नाही.

राहण्याचं म्हणाल तर फार त्रास नाही. रस्त्यावर रात्री एकट्या बायका बिनधास्त फिरतात, माझी बायकोही फिरते. व्हॉट्सॲप आणि गुगल चालत नाही, सगळा कारभार वीचॅटवर, अगदी भाजीचे पैसेसुद्धा. हुनानी जेवण मालवणी माणसालाही घाम फोडेल इतकं तिखट असतं, फक्त त्यात खोबरं शोधू नका. पण हे सगळं नंतरचं. आधी एजंटाला लेखी विचारा: परवान्याचं सूचनापत्र कधी देणार, आणि त्यावर पदाचं नाव काय असणार?

जामसंडेकरीण:

मनापासून आभार. आजच विचारलं. सूचनापत्राबद्दल म्हणतो, "ते तिकडे गेल्यावर मिळतं." पदाचं नाव विचारलं तर म्हणे काहीतरी 'मार्केटिंग'चं टाकतात, तुम्ही लक्ष देऊ नका.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, कारण मला तेव्हा ती गंमत वाटली होती. मुलाखतीच्या शेवटी त्या बाई म्हणाल्या, "पालकांनी विचारलं तर लंडनमध्ये वाढले असं सांगशील ना?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

इंग्रजी शिकवायला जायचं आणि पहिलं वाक्यच खोटं बोलायचं. मुलांसमोर हे मला जमेल असं वाटत नाही. पण खरं सांगते, एक लाख ऐंशी हजार डोक्यातून जात नाहीत. यंदा मोहोर उशिरा आलाय आणि त्यात थ्रिप्सची कीड. बाबांचं औषधांचं बिल अजून दुकानात तसंच आहे.

कुडाळच्या बाई (निवृत्त):

बाळा, पैशाचा विचार करतेस म्हणून कुणी तुला नावं ठेवू नयेत. इथे थांबण्याचाही खर्च असतो. पवित्र पोर्टलमधून लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार मानधन आहे. तेव्हा 'घरचीच भाकरी बरी' असलं काही मी तुला सांगणार नाही. बाहेर जावंसं वाटतं ना? जा. पण शिक्षिका म्हणून जा, मार्केटिंगवाली म्हणून कशाला?

आखातात सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत. त्या इंग्रजीला भारतीय शिक्षिका घेतात, बी.एड. मागतात आणि व्हिसा शिक्षिकेचाच देतात. पगार चांगशाएवढा नसेल. माझी एक विद्यार्थिनी आधी गोव्यात सीबीएसई शाळेत शिकवत होती, तिथल्या अनुभवावर मस्कतला गेली. आणि त्या एजंटाला परराष्ट्र खात्याकडचा नोंदणी क्रमांक विचार. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर यादी बघता येते. नोंदणी असलेल्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. दीड लाख कुठल्या हिशेबात बसतात ते त्यालाच विचार.

सुझोऊवाला रत्नांग्रीकर:

बाईंनी सांगितलं ते फार महत्त्वाचं. आणि ताई, 'मार्केटिंग' म्हणजे तपासणी आली की तुम्हाला मागच्या दाराने बाहेर काढणार. इथे हे चालतं.

कधी खरीखुरी शाळा भेटलीच तर कागदांचंही सांगून ठेवतो. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून मायदेशाचा एकच शिक्का) मानतो, पण भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही, त्यामुळे पदवी आणि पोलिसांचा दाखला आपल्या परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून घेतला तरी चिनी वकिलातीच्या शिक्क्यासाठी वेगळ्या खेपा आहेतच. पण सूचनापत्राची बोलणी पक्की झाल्याशिवाय त्यावरही खर्च करू नका.

मिठमुंबरीचो:

नंबर इचारलस काय गो?

जामसंडेकरीण:

विचारला. म्हणतो, नोंदणी फक्त मजूर पाठवणाऱ्यांना लागते, शिक्षकांना नाही. मग ३० हजारांचं काढलं, तर आवाजच बदलला. "तुम्हाला इंटरेस्ट नसेल तर तसं सांगा, माझ्याकडे लाइन आहे." मी नाही म्हणून सांगितलं. बाबांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त मस्कतच्या शाळेत बी.एड. चालते का एवढं विचारलं. बाई, तुमच्या त्या विद्यार्थिनीशी बोलता येईल का? गोव्यातल्या शाळांच्या जाहिराती कधी निघतात तेही तिला विचारायचं आहे.

आणि एक. फोन ठेवताना तो म्हणाला की माझी जागा आता मालवणच्या एका मुलीला देतोय, ती सोमवारी पैसे भरणार आहे. ताई, तुम्ही इथे वाचत असाल किंवा तुमच्या ओळखीचं कुणी वाचत असेल, तर सोमवारच्या आत मला मेसेज करा. रात्री कितीही वाजता चालेल.