आजी 94, अंथरुणाला खिळलेली: नाकातून नळी घालावी का? बाई दिवसाची घ्यावी की रात्रीची?

वाईकर
स्मृतिभ्रंश जुनाच आहे, आता उठणं पूर्ण बंद. चार-पाच घासांपुढे जेवत नाही, पाण्याने ठसका लागतो. माकडहाडावर लाल डाग आहे, दाबला तरी फिका पडत नाही. डॉक्टर नळी सुचवतात. साताऱ्याच्या ब्युरोची बाई 12 तासांचीच परवडेल. 70 वर्षांवरच्या आयुष्मान कार्डातून तिचा पगार निघतो का?

सिस्टर, मिरज
तो डाग म्हणजे बेडसोअरची, एकाच जागी पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. त्यावर मालिश नको, आतलं मांस आणखी चिरडतं. रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्त अडतं. दर दोन तासांनी कूस बदला, पण पुरती कुशीवर नाही. पाठीमागे उशी देऊन 30 अंशांचा कल ठेवा, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. वर घ्यायचं तर काखेत धरून ओढू नका. आडवी चादर घालून दोघांनी उचला.

एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरायची गादी, भाड्याने आणाच. आजी झोपलेली असताना गादीखाली तळहात घाला. माकडहाडाखाली निदान इंचभर हवा लागली पाहिजे. वर वाकळ अंथरलीत तर गादी आणून काही उपयोग नाही. पंपाला वीज फार थोडी लागते, इन्व्हर्टरवर जोडून टाका.

फॅमिली फिजिशियन, सांगली
आधी बघा, खाणं हळूहळू घटलं की अचानक? अचानक असेल तर तोंडातला पांढरा थर, सैल कवळी, साचलेला मळ, लघवीतला संसर्ग हे तपासून घ्या; यातलं बरंच बरं होतं. शुगर-बीपीच्या गोळ्यांचा डोसही डॉक्टरांकडून फेरतपासून घ्या. जेवण निम्म्यावर आलं आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर शुगर घसरते, आणि घरच्यांना वाटतं आजी नुसतीच झोपलीय.

हळूहळू घटलं असेल तर माझं मत नळीविरुद्ध आहे. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं छातीत जातच राहतं. रुग्ण नळी उपसतो, मग हात बांधायची वेळ येते. त्यापेक्षा ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा घट्ट नाचणीची खीर किंवा मिक्सरमधून काढलेला वरणभात द्या. गिळल्यावरच पुढचा चमचा. नंतर अर्धा तास आडवं करू नका. तोंड मिटलं की थांबायचं. भावकी म्हणेल उपाशी ठेवली. त्यांना ठसका समोर दाखवा. अगदी शेवटी सलाईनचं पाणी पायांत आणि छातीत साठू शकतं. कोरडं तोंड त्याने भागत नाही, दर दोन तासांनी ओल्या फडक्याने पुसून ओठांना व्हॅसलीन लावल्याने भागतं.

कोरेगाव
कार्डाचे वर्षाला 5 लाख रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. बाई, डायपर, एअर बेड सगळं खिशातून.

बाई रात्रीची घ्या. कूस बदलणं रात्रीच चुकतं, आणि सलग जागरणाने घरचा माणूस आधी आडवा होतो. रात्री दोनला उठून कूस आणि डायपर बदलणार का, हे ब्युरोला आधीच स्पष्ट विचारा. नाहीतर नुसती सोबत मिळते.

सिस्टरना एक पुरवणी: शेवटच्या काही दिवसांत हलवताना वेदना होत असतील तर दोन तासांचा हट्ट सोडावा.

घरीच ठेवायचं ठरलं तर तपासायला येणारे डॉक्टर आत्ताच पक्के करा. घरच्या मृत्यूत कारणाचा दाखला, फॉर्म 4अ, शेवटच्या आजारात पाहणारे डॉक्टर देतात. नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत.

वाईकर
आभार. डायपरऐवजी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, चालेल?

सिस्टर, मिरज
नुसत्या सोयीसाठी नको, संसर्ग होतो. लघवी तुंबली किंवा जखम उघडी पडून सारखी भिजायला लागली तरच. साधा लॅटेक्सचा दोन ते चार आठवड्यांत बदलतात, सिलिकॉनचा जास्तीत जास्त 12. पिशवी कायम कमरेच्या खाली. कूस बदलताना ती अंथरुणावर ठेवू नका, लघवी उलटी जाते.