मदत हवी आहे: दिल्ली–काठमांडू विमानात हिमशिखरांसाठी कोणती खिडकी?

नोव्हेंबरमध्ये दिल्लीहून काठमांडूला जायचंय. सकाळचं विमान आहे, एअरबस ए३२०, तीन-तीन सीटांची रचना. डावी बाजू घ्यावी की उजवी? पंखाच्या पुढे की मागे? परतीचं विमान दुपारी आहे, तेव्हा बाजू बदलायची का? सीटचे वेगळे पैसे पडतात, म्हणून आधीच विचारतोय.

प्रतिसाद १
जाताना ए सीट, येताना एफ. विमान पूर्वेला जातं आणि हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला. परतताना तोच उजवीकडे येतो. विमानाच्या नाकाकडे तोंड केलं की ए डावीकडच्या खिडकीशी असते, एफ उजवीकडच्या. काही ॲपमध्ये सीटचा नकाशा आडवा दाखवतात, तिथे हमखास फसायला होतं. चित्रातली बाजू बघू नका, अक्षर बघा.

उन्हाची चिंता नको. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दोन्ही वेळा तो विमानाच्या दुसऱ्या अंगाला राहतो. शिखरं उजळलेली दिसतात आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही.

प्रतिसाद २
बाजूबद्दल सहमत. ओळीबद्दल थोडं सविस्तर.

ए३२०मध्ये साधारण १० ते २० या ओळी पंखावर येतात. खालची शेतं-नद्या बघायच्या असतील तर त्या बाद. पण शिखरं खाली दिसत नाहीत, ती जवळपास डोळ्यांच्या पातळीत असतात. त्यामुळे पंख वाटतो तेवढा आड येत नाही. त्याचं वर वळलेलं टोक मात्र नेमकं मध्ये येऊ शकतं. पंखाच्या मागे बसलात तर तिरकं पुढे बघताना इंजिनाच्या गरम हवेमुळे चित्र थरथरतं. म्हणून पहिली पसंती ओळ ३ ते ८, नाहीतर थेट २४च्या पुढे.

दुसरी भानगड खिडकीच्या जागेची. ए३२०च्या खिडक्या दर २१ इंचांवर, सीटा मात्र २८ ते ३० इंचांवर. दोन्ही जुळत नाहीत, त्यामुळे कुणाला दीड खिडकी मिळते, तर कुणाला खांद्यामागे अर्धी. ऐनवेळी बोइंग ७३७ आलं तर आणखी सावध राहा: डावीकडे पंखाच्या जरा पुढे, बहुधा १०व्या किंवा ११व्या ओळीत, एसीच्या नळामुळे खिडकीच नसते.

धागाकर्ता
एव्हरेस्ट दिसेल का? आणि शिखरं ओळखायची कशी?

प्रतिसाद २
एव्हरेस्ट काठमांडूच्या पूर्वेला सुमारे १६० किमीवर आहे. धावपट्टी ०२वर, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरताना तो उजव्या अंगाला येतो, म्हणजे ए सीटवरून आशा सोडा. त्यासाठी काठमांडूहून सकाळी निघणारी वेगळी पर्वतदर्शनाची विमानं असतात.

ए सीटवरून डावीकडून उजवीकडे क्रम असा: आधी एकटा, रुंद खांद्यांचा धौलागिरी (८,१६७ मी.), मग काली गंडकी नदीची खोल दरी, मग अन्नपूर्णेची लांबच लांब भिंत. तिच्यापुढे टोकदार माछापुच्छ्रे (६,९९३ मी.), नंतर मनास्लू (८,१६३ मी.) आणि गणेश हिमाल. प्रवासाच्या दुसऱ्या अर्ध्यात नजर ठेवा. पांढरी रेघ जागची हलत नसेल तर ते ढग नव्हेत. फोन फ्लाइट मोडवर असला तरी खिडकीशी धरल्यावर जीपीएस बहुधा लागतं, आधी उतरवून घेतलेला नकाशा कामी येतो.

प्रतिसाद ३
फोटो काढणार असाल तर पोलराइज्ड गॉगल आणि फिल्टर घरीच ठेवा. प्लॅस्टिकच्या खिडकीवर त्यातून इंद्रधनुषी पट्टे उमटतात. लेन्स काचेजवळ न्या, टेकवू नका, नाहीतर विमानाची थरथर कॅमेऱ्यात उतरते. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, फ्लॅश बंद. प्रतिबिंब पडत असेल तर लेन्सभोवती काळं जाकीट धरा.

आणि काठमांडूवर गर्दीमुळे विमान घिरट्या घालायला लागलं तर कुरकुरू नका, वळणावर दोन्ही बाजूंना डोंगर मिळतात.