आपत्तीकाळात यंत्रणांमध्ये नकाशाची ताजी माहिती कशी वाटून घ्यावी? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका सेवा आणि पाणीपुरवठा विभाग या चौघांना आपत्तीच्या वेळी एकाच नकाशावर आणण्याच्या कामात मी आहे आणि तीन बाबतींत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिली अडचण निर्देशांकांच्या क्रमाची आहे. इशाऱ्यांसाठी वापरला जाणारा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल आधी अक्षांश व मग रेखांश लिहितो, तर नकाशावरची माहिती साठवण्या-पाठवण्याचा, २०१६ साली प्रमाणित झालेला जिओजेसन हा नमुना आधी रेखांश घेतो. त्यामुळे रूपांतरात जरा चूक झाली, तरी पुराचा वेढा भलत्याच ठिकाणी उमटतो आणि पथक तिकडे धावते. हे रूपांतर आपण कोणत्या टप्प्यावर करता आणि ते आपोआप कसे तपासता?

त्याहून अवघड प्रश्न शिळ्या माहितीचा आहे. एका यंत्रणेने बंद म्हणून नोंदवलेला रस्ता दुसरीने पाहणी करून खुला केला, पण जोडणी तुटल्याने ती नोंद अर्ध्या तासाने पोहोचली, तर कोणती नोंद ग्राह्य धरावी? केवळ शेवटी पोहोचलेली नोंद खरी मानणे मला धोक्याचे वाटते, कारण प्रत्यक्ष पाहणीची वेळ आणि नोंद पोहोचण्याची वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्ही वेळा साठवता का, आणि प्रत्येक नोंदीला मुदत घालता का?

शिवाय जखमींची ठिकाणे सर्वांना दिसू नयेत, पण रुग्णवाहिकेला तत्काळ दिसावीत, यासाठी स्तरनिहाय परवानग्या कशा ठेवाव्यात, हेही कृपया सांगावे.