पणजीच्या माहेरचा माग: तुम्हाला काय सापडलं?

पणजोबांच्या मागची चार-पाच नावं आमच्याकडे कुणीही धडाधड म्हणून दाखवतं. पणजीच्या मागे कुणीच नाही. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, गाव सुटलं, आणि आमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की ती ‘घाटावरची’. जिच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत अशा आपल्या घरातल्या बाईचा माग तुम्ही काढला असेल तर इथे लिहा. ती किती सोशिक, किती सुगरण हे नको, ते सगळ्याच पणज्यांबद्दल सांगतात. कुठला कागद, कुठली वस्तू, कुणाची आठवण कामी आली ते हवंय.

मला भांड्यांनी तारलं. माळ्यावरच्या तांब्याच्या हंड्याच्या काठावर कोरलंय: मामाकडून, मामाचं नाव, गाव, शके १८४१. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे लग्न १९१९ च्या आसपासचं. मामाचं गाव म्हणजे माहेर नव्हे, कबूल. पण अख्ख्या घाटावरचं एक तरी गाव हाताशी आलं. स्टील आल्यावर ज्यांनी तांबं-पितळ मोडीत घातलं, त्यांनी असे किती दाखले घालवले कोण जाणे.

*

आमची शेती, म्हणून मी तलाठ्यापासून सुरुवात केली. नुसता सातबारा बघून भागत नाही. त्यावर फेरफारांचे, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदींचे, नंबर असतात, ते धरून एकेक पायरी मागे जायचं. एका जुन्या फेरफारात पणजोबा मयत, वारस आजोबा, आणि आजोबांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ म्हणून पणजीचं नाव. अज्ञान पालन कर्ता. म्हणजे पोरगा लहान असताना ही विधवा झाली आणि जमीन हिच्या हाताखाली होती. घरात ऐकत आलो ते असं, की जमीन चुलत्यांनी राखली!

दुसरी जागा हक्कसोडपत्रांची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत यायला लागली, आणि पाठोपाठ त्यांच्याकडून हक्क सोडवून घेणंही आलं. आजोबांच्या बहिणींची सासरची नावं, गावं, नवऱ्यांची नावं मला त्या कागदावर मिळाली. खाली अंगठे. घेण्याच्या कागदावर या बायका कुठेच नाहीत, सोडण्याच्या कागदावर मात्र पूर्ण नावानिशी हजर.

*

कोतवाल बुकाबद्दल लिहितो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावची जन्म-मृत्यूची जुनी पुस्तकं बाहेर निघाली. आमचे चुलतेही तहसीलात ठाण मांडून बसले. बाकी सगळे जातीचा रकाना बघत होते, मी आजीचा जन्म शोधत होतो. नोंद मोडी लिपीत होती, जाणकाराकडून वाचून घेतली. अमक्यास मुलगी झाली, एवढंच. मुलीचं नाव नाही, आईचंही नाही. आजीच्या पाठची एक बहीण तान्हेपणी गेली म्हणतात, तेव्हा ही नोंद तिचीही असू शकेल. त्या मानाने मृत्यूची नोंद बोलकी निघाली. आजीच्या सासूचं नाव, वय आणि कारण, तिन्ही होतं. कारण: ताप.

*

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. त्यांना आडनाव आणि मूळ गाव सांगा. मूळ गाव, हल्लीचं नव्हे. आमच्या पानावर पणजोबांच्या नावाखाली दोन बायकांची नावं आहेत. दुसरी ती आमची. पहिली होती हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

*

वरचं वाचून जरा हसू आलं. जमीन असेल तर फेरफार, उपाध्या असेल तर वही. आमच्या घराण्यात दोन्ही नाही. आजी मुंबईत गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी कागद गोळा करताना तिचा गिरणीचा पास निघाला. त्यावर फोटो, खातं, तिकीट नंबर, सगळं होतं. १९८२ च्या संपाच्या बऱ्याच आधी ती सुटली, त्यामुळे घर काही मिळालं नाही.

पासावरचं जन्मसाल १९२५. आजी सांगायची, ‘मानमोडीत आय गेली तवा मी रांगत हुते.’ मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. दोन्हीपैकी एकच खरं असणार, आणि मी आजीच्या बाजूने आहे. भरती करून घेणाऱ्याला तरणे हात हवे असणार, आणि वय काय, तोंडी सांगायचं. तिच्या आईचं नाव मात्र आजीलाही माहीत नव्हतं. सगळे थोरल्या पोराच्या नावाने हाक मारायचे, अमक्याची आय.

तेव्हा म्हाताऱ्यांना साल विचारू नका. बहात्तरच्या दुष्काळात कडेवर कोण होतं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठल्या घरात होता, असं विचारा. आणि बाईला तिच्या सुनेसमोर विचारू नका, काही बोलणार नाही.

*

आमचे कागद पुण्यात होते, १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले. आता जे काही आहे ते मावशीच्या डोक्यात.

*

मीच पुन्हा. हक्कसोडपत्राचं मला सुचलंच नव्हतं. पणजीला भाऊ होता एवढं नक्की आहे, तेव्हा पणजीकडूनही कधीतरी अंगठा घेतला असणार. दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्तनोंदणीच्या कचेरीत, जुन्या दस्तांची सूची क्रमांक २ असते, पण त्यासाठी गावाचं नाव लागतं, आणि माझ्याकडे आहे ते मामाचं. गाव पक्कं नसताना कुणी अशी सूची बघून घेतली असेल, तर कशी ते लिहा.