प्रतिसाद: हिरड्यांचे जंतू आणि प्रतिजैविके

वर असे म्हटले आहे की औषधांना न जुमानणारे जंतू हा रुग्णालयांपुरता प्रश्न आहे आणि हिरड्या सुजल्यास अमॉक्सिसिलीन व मेट्रोनिडॅझोल या दोन प्रतिजैविकांचा (जंतू मारणाऱ्या औषधांचा) पाच दिवसांचा कोर्स पुरतो. दुसरे विधान अंशतः खरे आहे, पहिले मात्र मान्य करता येत नाही. हिरड्यांचा जुनाट आजार असलेल्या अमेरिकेतील ४०० प्रौढांच्या दातांभोवतीच्या खोलगट फटींतून घेतलेल्या जंतूंचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार नेहमीच्या प्रतिजैविकांपैकी किमान एकाला दाद न देणारे जंतू सुमारे ७४ टक्के रुग्णांत सापडले. वरील दोन्ही औषधांना दाद न देणारे जंतू मात्र केवळ १५ टक्के रुग्णांत होते, आणि ही जोडी आजही का दिली जाते हे त्यावरून कळते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती शेजारधर्माची बाब. प्रीव्होटेला कुळातील काही जंतू बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) बाहेर सोडतात, ते अमॉक्सिसिलीनचे रेणू तोडते आणि त्यामुळे स्वतः त्या औषधाने सहज मरू शकणारे आसपासचे जंतूही वाचतात. शिवाय दातांवरील चिकट थरात राहणाऱ्या जंतूंना मारायला, ते सुटे असताना लागते त्याहून कितीतरी अधिक मात्रा लागते (प्रयोगशाळेतील चाचणी बहुधा सुट्या जंतूंवरच होते). म्हणून कीटण आणि तो थर आधी यांत्रिक पद्धतीने काढावा लागतो. प्रतिजैविक द्यायचेच झाले, तर त्या सफाईच्या जोडीने, आणि तेही निवडक रुग्णांनाच.