पवनाकाठचे बंगले: बंब पोचत नसेल तिथे परवानगी द्यावी का?

आगपाखड

पवना धरणाच्या काठाला काय काय उगवलंय ते बघायचं असेल तर ठाकूरसाई, आंबेगाव, फांगणे या पट्ट्यात एक फेरी मारा. आधी तंबू आले, मग त्रिकोणी लाकडी झोपड्या, मग धरणाकडे तोंड केलेले काचेचे बंगले. आता प्लॉटिंगच्या पाट्या लागल्यात, प्रत्येक पाटीवर ‘लेक व्ह्यू’. बंगल्यांना माझा विरोध नाही. माझा धंदा अग्निसुरक्षा तपासणीचा, त्यामुळे मला व्ह्यूच्या आधी गेट दिसतं. गेटवर दगडी कमान असते, कमानीवर बंगल्याचं नाव असतं आणि त्या कमानीखालून बंब जात नाही.

मुळात बंब येणार कुठून? लोणावळ्याहून, नाहीतर तळेगावहून. शनिवारी दुपारी लोणावळ्याहून दुधिवऱ्याची खिंड उतरायला साध्या मोटारीचे काय हाल होतात हे सगळ्यांनी भोगलंय. पाण्याने भरलेला बंब घाटात त्याहून हळू चालतो. पाइनची झोपडी तेवढा वेळ थांबत नाही.

यावर हमखास उत्तर मिळतं, “अहो, समोर एवढं धरण आहे की!” धरण आहे, पण आगीच्या उपयोगाचं नाही. पंप पाणी खालून वर खेचतो ते फार तर सात-आठ मीटर. एप्रिल-मे मध्ये, म्हणजे गवत वाळून कोळ झालेलं असतं नेमकं तेव्हा, पाणी मागे सरकलेलं असतं आणि मधे चिखलाचा पट्टा असतो. त्यात बंब घातला तर आधी तोच ओढून काढावा लागेल.

माझं म्हणणं एवढंच: रस्ता आणि पाण्याची टाकी आधी, बांधकाम नंतर. जिथे बंब आत येऊन वळू शकत नाही तिथे पैसे घेऊन माणसं झोपवायला परवानगी देऊ नये. डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबात 25 जण गेले. तो क्लबही पाण्याला लागूनच होता. वाट चिंचोळी, म्हणून बंब लांब उभे करावे लागले. पवनाकाठी याहून वेगळं काय आहे ते सांगा.

धरणकाठचा

सांगतो. वेगळं हे आहे की ही जमीन आमची होती.

साठ-सत्तरच्या दशकात धरणासाठी जमिनी गेल्या. पुनर्वसन अजून पुरं झालं नाही, लोक अजून मोर्चे काढतात. पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला द्रुतगती मार्गावर धरणातून थेट पाणी न्यायच्या बंद जलवाहिनीच्या विरोधात बसलो, तर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. इतकं सगळं झाल्यावर उरलेल्या चार गुंठ्यांत पोरांनी तंबू लावले, पहिल्यांदा घरात रोख पैसा दिसायला लागला, आणि आता तुम्ही रस्त्याची रुंदी मोजायला टेप घेऊन आलात.

आणि एक विचारतो. गावातल्या घरापर्यंत बंब येतो का? नाही येत. मग आम्ही गावातून उठायचं का?

खवचट खारूताई

तपासणीवाले कमानीची उंची मोजतात हे वाचून गहिवरून आलं. आमच्या सोसायटीत येतात ते फक्त चहाचा कप मोजतात.

आगपाखड

@धरणकाठचा, तुमच्या जमिनीच्या दुःखावर मी काय बोलणार? ते खरंच आहे. पण गावातल्या घरात राहणाऱ्याला दार कुठे, विहीर कुठे, रात्री कुठून बाहेर पडायचं हे झोपेतही ठाऊक असतं. तुमच्याकडे आलेला पाहुणा अंधारात आलेला असतो, गाणी लावून जागलेला असतो, बऱ्याचदा प्यायलेला असतो, आणि रात्री दोनला धूर झाला तर त्याला तंबूची चेनही सापडत नाही. नायलॉनचा तंबू नुसता जळत नाही, वितळून अंगाला चिकटतो. पैसे घेतले की पाहुण्याची जबाबदारी येते, यात टेप कुठे आला?

शनिवाररविवार

माझा तिथे बंगला आहे, त्यामुळे मी आरोपी नंबर एक. चार खोल्या, प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडर, स्वयंपाकघर बाहेर. मित्र येतात, मधल्या काळात भाड्याने देतो. ते हॉटेल नाही. हॉटेलचे नियम माझ्या डोक्यावर लादले तर उद्या गणपतीला पंधरा पाहुणे आले म्हणून प्रत्येक घराला एनओसी मागाल.

दुसरं म्हणजे, खरा धोका बंगला नाही, वणवा आहे. फेब्रुवारीपासून तुंग-तिकोन्याच्या बाजूचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात. ती आग बंगल्यातून डोंगरावर जात नाही, डोंगरावरून बंगल्यावर येते. त्याबद्दल इथे एक अक्षर नाही.

ओळंबा

वास्तुविशारद आहे, या भागात कामं केली आहेत, म्हणून जरा कागदाचं बोलतो.

राष्ट्रीय इमारत संहितेत खाजगी एक-दोन कुटुंबांचं घर हा ए-2 वर्ग, आणि पैसे घेऊन लोकांना राहायला देणारं लॉजिंग हा ए-1. पवनाकाठचे निम्मे बंगले कागदावर ए-2 आहेत आणि चालतात ए-1 सारखे. (निम्मे हा माझा अंदाज, फिरून केलेला.) @शनिवाररविवार, गणपतीचे पाहुणे पैसे देऊन येत नाहीत. तुमचा बंगला बुकिंगच्या अॅपवर असेल तर तो ए-2 राहिला का, एवढंच स्वतःला विचारा. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकलेली आहे, आणि परवानाधारक एजन्सीचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. त्या पट्ट्यात असा दाखला मला तरी कुणी दाखवलेला नाही. सिलिंडर भिंतीवर असतात. त्यांच्यावरची तारीख वाचा.

परवानगीचं म्हणाल तर मावळ पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो. तरीही लोक ग्रामपंचायतीचा दाखला आणि बिनशेतीचा आदेश दाखवून “सगळं कायदेशीर आहे” म्हणतात. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं नसतं.

आता त्या त्रिकोणी झोपड्यांबद्दल, कारण आगपाखडांनी त्यांना एका वाक्यात उडवलंय आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटते. आत वर एक माळा असतो, गाद्या तिथे. वर जायला शिडी, जिना नाही. शिडीच्या पायाशी ओटा, ओट्यावर इंडक्शन किंवा शेगडी, शेजारी पडदा. आतून सगळं पाइन, वर पॉलिश. पुढची भिंत पूर्ण काचेची आणि ती उघडत नाही, कारण व्ह्यूमध्ये चौकट आलेली गिऱ्हाइकाला आवडत नाही. म्हणजे आग लागायची जागा बरोबर सुटकेच्या वाटेवर, आणि धूर जमायची जागा बरोबर झोपणाऱ्यांच्या नाकाशी. इथे लोणावळ्याचा बंब दहा मिनिटांत आला तरी काय करणार? त्रिकोणाच्या मागच्या बाजूला, माळ्याच्या उंचीवर, आतून उघडणारी एक खिडकी आणि बाहेर चार पायऱ्या. खर्च किरकोळ आहे. पण रेखाचित्रात ती खिडकी काढली की मालक खोडून पाठवतो.

सिएरावासी

कॅलिफोर्नियातून लिहितोय. आमच्याकडे लेक टाहोला हाच वाद कित्येक वर्षं चाललाय, त्यातलं उपयोगी तेवढं सांगतो.

जून 2007 मध्ये तलावाच्या दक्षिणेला अँगोरा नावाची आग लागली. कारण काय? बेकायदा पेटवलेली शेकोटी, नीट न विझवलेली. 254 घरं गेली. त्यानंतर लोक तलावाच्या नियोजन संस्थेवर भडकले. तलावाचं पाणी नितळ राहावं म्हणून झाडं तोडण्यावर आणि जमिनीवरचा पाचोळा काढण्यावर तिचे कडक नियम होते. लोक म्हणाले, तुमच्या नितळ पाण्यासाठी आमच्या दारात सरपण साठलं. पुढे नियम बदलले. आता घराभोवती 100 फुटांपर्यंत वाळकं गवत-झुडपं आवरणं मालकावर बंधनकारक आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये काल्डोर आग आली तेव्हा साउथ लेक टाहो हे अख्खं गाव रिकामं केलं. रस्त्यावर गाड्यांची रांग तासन्‌तास हलत नव्हती. गाव वाचलं, पण त्या रांगेवर वारा फिरला असता तर काय झालं असतं याची चर्चा अजून चालते. तेव्हा @आगपाखड, बंब आत येण्याइतकाच माणसं बाहेर पडण्याचाही हिशेब करा. 31 डिसेंबरला पवनाकाठी किती गाड्या असतात आणि बाहेर पडायच्या वाटा किती?

धरणकाठचा

टाहोची गोष्ट बरी सांगितली. आमच्याकडे 31 डिसेंबरला खिंडीत रांग लागते, त्यात पेशंट घेऊन निघालेली गावातली गाडी अडकते. ते मी नाकारत नाही.

पण गवत कोण पेटवतं ते पण बोला. आपल्याकडे समज आहे की जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं येतं. तो समज चुकीचा आहे हे मला मान्य. पण आता गुराखी राहिलाय किती? हल्ली प्लॉट साफ करायला काडी लावतात. जेसीबी आणि मजुरापेक्षा काडी स्वस्त. मालक पुण्यात, एजंट फोनवर, आणि विझवायला झोडपण्या घेऊन आमची पोरं. वणव्याचं खापर मात्र गावावर.

शनिवाररविवार

सगळे प्लॉटवाले काडी लावत नाहीत.

धरणकाठचा

सगळे गाववाले पण नाही लावत.

चुलीवरची

मी तिकोन्याच्या बाजूला घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करते. दोन खोल्या, पिठलं-भाकरी, मासवडी. आगपाखड दादांचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या नियमाचा फायदा कुणाला होणार ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

रस्ता रुंद पाहिजे म्हणता. माझ्या घराकडे येणारी वाट भावकीच्या बांधावरून येते. ती रुंद करायची तर तीन चुलत दिरांची जमीन जाते, ते देणार नाहीत आणि मी मागणार नाही. बिल्डर मात्र वीस एकर एकदम घेतो, आत डांबरी रस्ता करतो, टाकी बांधतो, एनओसी आणतो. म्हणजे तुमच्या नियमात तो बसला आणि मी बंद पडले. सुरक्षेच्या नावानं काठावरून छोटी माणसं जातील आणि मोठी प्रोजेक्ट राहतील. वीस एकरांवर लाकडी बंगल्यांची रांग उभी राहिली तर आग कमी होईल का जास्त?

माझ्याकडे शेकोटी पत्र्याच्या अर्ध्या पिंपात, खाली वाळू. रात्री निजायच्या आधी मी स्वतः पाणी ओतते, पाहुण्यांच्या भरवशावर ठेवत नाही. गॅसची टाकी भिंतीबाहेर. आकाशकंदील उडवायचा म्हणाले तर जेवण वाढत नाही, सरळ सांगते. हे सगळं करायला मला रुंद रस्ता लागला नाही.

आगपाखड

@चुलीवरची ताई, तुमच्यासारखी माणसं असतील तर माझ्यासारख्यांचा धंदा बसेल, आणि बसावाच. पण तुम्ही आजारी पडून आठ दिवस माहेरी गेलात आणि खोल्या पुतण्याने चालवल्या तर पिंपात पाणी ओतलं जाईल का? नियम असतो तो त्या आठ दिवसांसाठी.

छोट्यांना वेगळं माप लावा, मला चालेल. दोन खोल्यांना आणि तळमजल्यावरच्या पक्क्या घराला रस्त्याची अट नको. त्याऐवजी गावाची एक सामाईक टाकी, उंचावर, धरणातून आधीच भरून ठेवलेली, आणि दोन माणसं उचलून नेतील असा एक छोटा पंप. पण माळ्यावर माणसं झोपवणाऱ्या लाकडी झोपड्या आणि नवीन प्लॉटिंग यांना सूट नाही. यावर मी हटणार नाही. वीस एकरांत रस्ता असेल म्हणता, पण तो रस्ता बाहेर येऊन त्याच मोजक्या वाटांना मिळतो. त्यामुळे मोठ्या प्रोजेक्टला आतल्या रस्त्यावर नाही, बाहेरच्या रस्त्याच्या ताकदीवर परवानगी द्या. हे बिल्डरला तुमच्यापेक्षा जास्त झोंबेल.

ओळंबा

बाहेरच्या रस्त्याची ताकद मोजून परवानगी द्यायची ठरवलं तर मावळात एक वीट चढणार नाही. माझंही पोट त्यावर आहे, तरी सांगतो, तसं व्हायला हरकत नाही. पण होणार नाही.

खवचट खारूताई

पहिल्यांदाच एक वास्तुविशारद बांधकाम नको म्हणताना बघितला. धाग्याचं शीर्षक बदला.

धरणकाठचा

सामाईक टाकी आणि पंप चालेल. पण वर्गणी गावाकडून काढू नका. पीएमआरडीए बांधकामाला परवानगी देताना विकास शुल्क घेते, त्यातून करा. नाहीतर सरळ हिशेब मांडा: पाणी पिंपरी-चिंचवड पितं, तर त्या महापालिकेनं एक बंब आणि त्याची माणसं पवनानगरला कायमची ठेवावीत. धरणाचं पाणी नदीनं खाली जातं, त्यातलं थोडं बंबातून आमच्याकडे येऊ द्या. हे कुठल्या नियमात बसत नाही असं मला कुणी तरी कागद दाखवून सांगा.

आगपाखड

मागणी रास्त आहे. महापालिका हद्दीबाहेरचं म्हणून टोलवेल, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडून पाठपुरावा करावा लागेल. पण बंब आणणं सोपं, चोवीस तास माणसं देणं अवघड. एका बंबाला ड्रायव्हर, फायरमन, तीन पाळ्या, सुट्ट्या, एवढं बळ लागतं. गावातली पोरं घेतली तर जमेल. मुंबईत सांताक्रूझला राज्याच्या अग्निशमन सेवेचं प्रशिक्षण केंद्र आहे, फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स असतो. वणव्यात झोडपण्या घेऊन धावणारी जी पोरं तुम्ही म्हणता, त्यांतली चार-पाच पाठवा.

चुलीवरची

आमच्या वाडीतल्या दोन पोरी तयार होतील, बारावी झाल्यात. फॉर्म कधी निघतात ते इथेच टाका. आणि पंपाची किंमतपण, बचत गटात विषय घेते.