मदत हवी आहे: वाफेच्या छोट्या इंजिनावर घण चालेना, झिजलेल्या भोकांना बुश (आत बसवायची धातूची नळी) बसवू का?

नमस्कार मंडळी,

इथे कुणी फिटर-टर्नर असेल, किंवा वाफेच्या खेळण्यांचा नाद असलेलं, तर सल्ला हवाय.

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. रविवारच्या जुन्या बाजारात मॅमॉडचं एसई २ इंजिन आणि त्यावर चालणारी छोटी यंत्रं एकाच खोक्यात मिळाली: ग्राइंडर, पॉलिशर, प्रेस, घण (पॉवर हॅमर) आणि लाइन शाफ्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मॅमॉड म्हणजे बर्मिंगहॅमच्या मॅलिन्स कंपनीनं 1930 च्या दशकापासून काढलेली वाफेची खेळणी. पितळी बॉयलर, खाली बर्नर, आणि इंजिनाच्या पुलीवरून स्प्रिंगचा गोल पट्टा लाइन शाफ्टला. तिथून एकेका यंत्राला वेगळा पट्टा. आपल्याकडे जुन्या गिरणीत एकाच शाफ्टवर सगळं फिरायचं, तोच प्रकार, फक्त तळहातावर मावणारा.

ग्राइंडर आणि पॉलिशर मजेत फिरतात. प्रेस कुरकुरत का होईना, चालतो. घणाचा पट्टा चढवला की मात्र इंजिन दोन-चार फेऱ्यांत गप्प. घण वर उचलला जाताना नेमकं अडतं. पट्टा काढला की इंजिन पुन्हा सुसाट.

घण खोलून पाहिला. शाफ्ट ठीक आहे, पण ओतीव सांगाड्यातली त्याची भोकं लांबट झालीत. शाफ्ट धरून हलवला की खालीवर खेळतो, आणि झीज एकाच बाजूला, पट्टा ओढतो त्या दिशेनं. व्हर्नियरवर शाफ्ट 4 मिमीला किंचित कमी भरतो, म्हणजे 5/32 इंची (3.97 मिमी) असावा. आधीच्या मालकानं वरून जाड रंग फासलाय, तो भोकांतही गेलाय.

माझा विचार असा की भोकं मोठी करून तेल मुरलेले सच्छिद्र ब्राँझ बुश बसवावेत, नाहीतर सरळ एमआर७४ बॉल बेअरिंग (4 मिमी भोक, 7 मिमी बाहेरून). माझ्याकडे लेथ नाही, ड्रिल स्टँड आहे. रंग कॉस्टिक सोड्यात टाकून काढला तर चालेल का? आणि वाफच कमी पडत असेल का? 2023 पासून इथे हेक्झामिनच्या गोळ्या (बर्नरचं घन जळण) परवान्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून मी जळणाचं जेल वापरतो. त्याची आंच मला मंद वाटते.

संग्राहक मंडळी म्हणतील मूळ वस्तूला हात लावू नकोस. मान्य आहे, पण मला कपाटात ठेवायला नकोय, चालवायचंय.

प्रतिसाद

आधी कॉस्टिक सोडा लांब ठेवा! ही ओतीव कामं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात, आणि कॉस्टिक जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो. रंगासोबत सांगाडाही जाईल. रंग काढायचं साधं जेल आणि जुना टूथब्रश पुरे. रंग निघाला की भिंगाखाली बघा. मगरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर तो जस्ताचा रोग. ओतताना शिसं वगैरे मिसळलेलं असलं की होतो, आणि त्याला उपाय नाही. तसं असेल तर ड्रिल लावूच नका.

वाफेचं म्हणाल तर रिकामं इंजिन सुसाट पळतंय ना? मग पट्टा चढवण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतोय का तेवढं बघा. फुसफुसत असेल तर जेलला दोष देऊ नका. एसई २ चं सिलिंडर डोलणारं आणि एकाच बाजूनं वाफ घेणारं, त्यामुळे एका फेऱ्यात जोर एकदाच. उरलेला अर्धा फेरा फ्लायव्हीलच्या (जड चाकाच्या) जिवावर. घणालाही जोर एकदाच लागतो, आणि तो नेमका इंजिनाच्या रिकाम्या अर्ध्यात आला की ठप्प. म्हणून घण हळू फिरवा. इंजिनाची लहान पुली ते लाइन शाफ्टची मोठी, लाइन शाफ्टची लहान ते घणाची मोठी. दोन्हीकडे वेग निम्मा झाला तर घणाच्या एका ठोक्याला इंजिनाचे चार जोर मिळतात.

पट्टा घट्ट म्हणजे पकड चांगली, हा समज सोडा. तुमची भोकं त्यानंच लांबट केलीत. बोटानं दाबला की सहज लवेल इतपतच ताण ठेवा.

बॉल बेअरिंग मला पटत नाही. 3.97 चा शाफ्ट 4 मिमीच्या भोकात खेळेल, शाफ्ट बदलला तर पुल्या बसणार नाहीत. सच्छिद्र बुश रीम केला (आतून तासून मापाला आणला) की छिद्रं मिटतात, शिवाय त्यातलं तेल चिकटवायचं द्रव्य धरू देत नाही. त्यापेक्षा भरीव फॉस्फर ब्राँझचा बुश घ्या. सांगाडा व्हाइसमध्ये एकदाच बांधा आणि दोन्ही भोकं त्याच बांधणीत मोठी करा. हातातला ड्रिल झिजलेल्या बाजूला पळतो. बुश ठोकू नका, जस्त तडकतं. रिटेनिंग कंपाउंड (बुश जागी चिकटवून ठेवणारं द्रव्य) लावा, आणि ते सुकेपर्यंत शाफ्ट दोन्ही बुशांत घातलेला ठेवा, म्हणजे बुश आपोआप एका रेषेत येतील. शाफ्टला मेणाचा पातळ हात द्यायला विसरू नका, नाहीतर तोही कायमचा चिकटेल.

धागाकर्ता

मनापासून आभार! सेफ्टी व्हॉल्व्ह व्यवस्थित फुसफुसतोय. पुल्या उलटसुलट करून पट्टा सैल केला, आणि बुश न बसवताच घण चालला. खडखडतो खूप, पण इंजिन अडत नाही. रंग काढलाय, भेगा नाहीत. आता अडचण एवढीच की भोकाभोवतीचा कान बाहेरून जेमतेम 8 मिमी आहे. 6 मिमीचा बुश घातला तर कडेला 1 मिमीच धातू उरतो. तेवढा पुरेल, की 5 मिमीचा पातळ बुश शोधू?